हिरा लाभतो का, बघू

हिरा विकत घ्यायच्या आधी आठ दिवस घरात ठेवून बघायचा असतो, हे मला माझं लग्न ठरेपर्यंत माहीत नव्हतं. शनीचा नीलम लोक उशाशी घेऊन झोपतात, स्वप्नं बरी पडली तरच अंगठीत बसवतात, एवढं ऐकून होते. पण हिऱ्यालाही अशी परीक्षा द्यावी लागते, आणि तो नापास झाला की निकाल नवरीच्या कपाळावर चिकटतो, हे कळलं तेव्हा माझा जो संताप झाला तो अजून पुरता उतरलेला नाही. केस पांढरे झाले, तरी कुणी हिऱ्याचा विषय काढला की माझा आवाज चढतो. नवरा लगेच चप्पल घालून बाहेर जातो. पुढचा नंबर आपला आहे हे त्याला पाठ झालंय.

मी तेव्हा घाटनांदूरजवळच्या आमच्या गावात सहकारी दूध संस्थेत कामाला होते. सकाळ-संध्याकाळ दूध घ्यायचं, लॅक्टोमीटर सोडायचा, फॅट काढायची, आणि ज्याच्या दुधात पाणी निघेल त्याला तोंडावर सांगायचं. बीएस्सी झालेली पोरगी म्हणून काम मिळालं होतं. दुष्काळाचं दुसरं साल होतं ते. दूध निम्म्यावर आलं होतं. विहिरीत पाणी नव्हतं, पण दुधात असायचंच. लांबच्या वस्तीवरून सायकलला किटली अडकवून येणाऱ्या म्हाताऱ्याचं दूध मी रोज तपासायची, आणि चेअरमनच्या घरून आलेला कॅन तसाच आत जायचा. "त्यांचं कशाला बघता मॅडम," सेक्रेटरी कॅनच्या झाकणावर हात ठेवून म्हणायचे. परीक्षा सगळ्यांची नसते, ज्याला नको म्हणता येत नाही त्याची असते, हे मी त्या नोकरीत शिकले. दोनदा मी तो कॅन तपासला आणि दोनदा मला समज मिळाली.

मुलगा सहकारी साखर कारखान्यात होता, शेतकी विभागात. कुणाचा ऊस कधी तोडायचा हे ठरवणाऱ्या टेबलावर. त्या साली रानात ऊसच नव्हता, त्यामुळे टेबल होतं आणि काम नव्हतं. कारखान्याची चिमणी थंड होती, पगार कधी होईल ते कुणी सांगत नव्हतं. सर्वसाधारण सभेला मात्र मांडव घातला होता आणि स्टेजवरच्या प्रत्येक खुर्चीपुढं बाटलीबंद पाणी होतं. मला बघायला आला तेव्हा त्यानं विचारलं, लॅक्टोमीटर नेमका चालतो कसा, आणि मी सांगितलेलं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्याआधी दोन स्थळं येऊन गेली होती, त्यातल्या कुणालाही माझं पहिलं वाक्यसुद्धा पुरं ऐकायचं नव्हतं. मला तो तिथंच आवडला. हे लग्न मला हवं होतं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी जे सोसलं ते का सोसलं हे कळेल.

आता एवढ्या कोरड्या सालात हिरा आला कुठून? तर सासूबाईंच्या पुण्याच्या बहिणीनं आपल्या सुनेला साखरपुड्यात हिऱ्याची अंगठी घातली होती. त्या कार्यक्रमात आमच्या सासूबाई पाच-पन्नास बायकांत म्हणून बसल्या, "माझ्या धाकट्या सुनंला बी हिराच." शब्द गेला. मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, साधी सोन्याची घाला, नाहीतर चांदीची घाला. पण ज्या बोटात घालायची त्या बोटाच्या मालकिणीला विचारायची पद्धत आमच्याकडं नाही. बोटाचं माप तेवढं लागतं. त्या मापासाठी मला अंबाजोगाईला बोलावलं.

सराफाच्या दुकानी आम्ही चौघं गेलो. तो, त्याची आई, त्याची थोरली वहिनी आणि मी. वहिनी म्हणजे माझी होणारी जाऊ. ती आत आलीच नाही, दुकानाच्या पायरीवर पदर घेऊन बसली. मी म्हटलं, "या की आत." तर म्हणाली, "नगं. मी हितंच बरी हाय." मला वाटलं, लाजते. सासूबाईंनी तिच्याकडं बघितलं नाही आणि त्यानंही बघितलं नाही.

सराफ कपाळाला भस्माचे पट्टे ओढलेले, गळ्यात चांदीची डबी घातलेले गृहस्थ होते. माझ्या होणाऱ्या नवऱ्यानं त्यांना हळूच आकडा सांगितला. त्यांनी पुढ्यातले ट्रे एकेक करून आत सरकवले आणि खालचा खण उघडला.

"ह्यात हिरा बसंल का?" सासूबाईंनी विचारलं.

"बसंल की मावशी," सराफ म्हणाले. "फकस्त हिरा हाय म्हनून सांगावं लागंल. आपूनहून दिसायचा न्हाई."

खडा राळ्याच्या दाण्याएवढा होता. कागदाच्या पुडीतून चिमट्यानं उचलून त्यांनी तो काळ्या मखमलीवर ठेवला आणि भिंग माझ्या हातात दिलं. कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्ट्या बघून डोळा तयार झालेला. मला आत एक काळा ठिपका दिसला, अगदी कडेला, आणि त्याला वाकडी शेपटी. मोडक्या जिऱ्यासारखा.

"घाण बसलीय का ही?"

"न्हाई ताई, आतलाच हाय तो डाग. जन्माचा. म्हनून तर तुमच्या पैशात बसला," ते म्हणाले. "बोटात घातल्यावर कुनाला दिसतोय?"

मला त्यांचा तो खरेपणा आवडला. हा माणूस कॅनच्या झाकणावर हात ठेवत नव्हता. मी म्हटलं, हाच चालेल. मी चालेल म्हटल्यानं काही चालत नाही, हे दोन मिनिटांत कळलं. सासूबाई म्हणाल्या, "हिरा सगळ्यास्नी लाभत न्हाई. आठ दिस देवापाशी ठिवून बघू, मग बसवा." सराफांना त्यात नवल वाटलं नाही. त्यांनी पुडी बांधून दिली. त्यांच्या धंद्यात हे रोजचंच होतं.

पुडी देव्हाऱ्यात गेली. पाचव्या दिवशी त्यांच्या घरची बोअर आटली.

आटली म्हणजे काय एकाएकी आटली? ती संक्रांतीपासून गुळण्या टाकत होती. मोटार घटकाभर पाणी द्यायची आणि मग नुसती हवा ओढायची. त्या पंधरवड्यात त्यांच्या अर्ध्या गावाच्या बोअर गेल्या, आमच्याही गावातल्या गेल्या, ज्या घरांत हिरा सोडा, चहात साखर नव्हती त्या घरांच्याही गेल्या. पण देव्हाऱ्यात पुडी एकाच घरी होती, आणि कारण समोर दिसत असलं की माणूस जमिनीखाली कशाला बघेल? सासूबाईंनी पुडी रुमालात गुंडाळून परत पाठवली. साखरपुड्याची तारीख पुढं गेली. आमच्या वडिलांचं किराणा दुकान होतं, तिथं त्यांचा निरोप आला. खडा लाभला नाही, दुसरा बघतो. वडील म्हणाले, "बरं." मी म्हणाले, "बरं काय? बोअरला हिरा कळतो का?" वडील म्हणाले, "तू गप ऱ्हा. मुलीकडचे आहोत आपण."

सराफांनी दुसरी पुडी दिली. ती तिकडं पोचली तेव्हा त्यांची गाय चारा छावणीत होती. छावण्यांत त्या साली काय मिळायचं हे मला विचारा, कारण त्याच गायींचं दूध माझ्या लॅक्टोमीटरखाली यायचं. कुठून तरी लांबून आलेले उसाचे वाढे, कधी ओले, कधी कुबट. उपाशी जनावरानं ते अधाशासारखं खाल्लं की पोट फुगायचं. त्यांची गाय तशीच गेली. त्याच आठवड्यात त्या छावणीतून आणखीही जनावरं गेली. तिथल्या एका शेतकऱ्यानं माझ्यापुढं डोळे पुसले, आणि त्याच्या घरी काही हिरा नव्हता.

आता मात्र घरात चर्चा सुरू झाली. बीडकडची एक आत्या म्हणाली, खडा कपिलधारच्या धारेखाली धरून आणा. त्या साली धार होती कुठं? दगड वाळून पांढरे पडलेले. दुसरी कुणी म्हणाली, दोन दोन हिरे का लाभू नयेत? हिऱ्यात खोट निघते एकदा, दोनदा कशी निघेल? आणि मग जे बोलायचं ते बोलायला मुलाचे मामा आमच्या दुकानात आले. तेच या लग्नातले मध्यस्थ होते. साखरेच्या पोत्यावर बसले, चहा घेतला, दुष्काळाबद्दल बोलले, राजकारणाबद्दल बोलले, आणि उठता उठता म्हणाले:

"ताई घाबरलीया वो. तिचं बी बरोबर हाय. थोरली सून आनली तवा बी असाच दुष्काळ होता. ती आली अन् सा महिन्यात इहीर आटली. पांढऱ्या पायाची निघाली. आता ही दुसरी बी तशीच निघाली तर? आमी काय म्हनतो, जरा पायगुण बघितलेला बरा."

तेव्हा मला पायरीवर बसलेली ती बाई आठवली, आणि ती लाजत नव्हती हे समजलं. कुठल्याही शुभ खरेदीला तिला हात लावायची बंदी होती. सोबत न्यायचं कारण एवढंच, की येताना बाकी बाजाराच्या पिशव्या कुणीतरी उचलायला हव्यात. आठ वर्षांपूर्वी एका बाईचं लग्न झालं आणि त्याच साली मराठवाड्यात पाऊस पडला नाही, म्हणून ती आठ वर्षं उंबऱ्याबाहेर. मी आतल्या दारात उभी होते, मला ते सहन झालं नाही.

"मामा," मी म्हणाले, "हिरा आठ दिवस ठेवून बघितला, आता मला बघायचं म्हणता. मग असं करा, तुमचा भाचा आठ दिवस आमच्याकडं ठेवा. बघू आम्हाला लाभतो का."

मामा खो खो हसले. त्यांना वाटलं, पोरगी विनोदी आहे. वडिलांना मात्र कळलं होतं. मामा गेल्यावर त्यांनी मला खूप सुनावलं. म्हणाले, हे स्थळ मोडलं तर गावोगाव हेच बोलणं आधी पोचेल, ही पोरगी आली की घरातलं पाणी जातं. मग कोण करून घेईल तुला? एरवी मी पायलीभर बोलले असते, पण या प्रश्नावर मी मामांची चहाची कपबशी उचलून आत गेले. एका बाईचं आठ वर्षं काय झालं ते आत्ताच ऐकलं होतं.

दोन दिवसांनी तो स्वतः डेअरीवर आला. दूध घालणाऱ्यांच्या रांगेत शेवटी उभा राहिला, रिकाम्या हातानं. म्हणाला, आई तिसरा खडा बघू म्हणते, शेवटचा. तो नाही लाभला तर...

"आणि तुम्ही काय म्हणता?" मी विचारलं.

"मी काय म्हणणार? होईल सगळं नीट."

असं शांतपणे म्हणाला, की हातातला लॅक्टोमीटर त्याच्या डोक्यात घालावासा वाटला. पण काचेचा होता आणि संस्थेचा होता. मी म्हटलं, या वेळी खडा मी बघितल्याशिवाय घरी जाणार नाही.

पुन्हा अंबाजोगाई. जाऊ या वेळी नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "गेलीया हंडे घिऊन बायकांसंगं तहशिलीम्होरं बसाया. गावाला टँकर पायजे म्हनं. लाजच सोडलीया." बोअरी गेल्यापासून त्यांच्या गावच्या बायका दोन कोसांवरून पाणी आणत होत्या, हे मला ठाऊक होतं. ती त्यातली पुढची आहे, हे आत्ता कळलं. सासूबाई पलीकडच्या काउंटरवर जोडवी बघायला सरकल्या, तो त्यांच्या मागं गेला. सराफांनी माझ्यापुढं तिसरी पुडी सोडली. पहिल्या पुडीचा आतला कागद निळा होता, हिचा गुलाबी. मी भिंग डोळ्याला लावलं.

अगदी कडेला काळा ठिपका. त्याला वाकडी शेपटी.

मी भिंग खाली ठेवून सराफांकडं बघितलं. ते तराजूचं पारडं पुसत होते.

"काका, हा तर तोच आहे."

"हळू बोला, ताई."

"दुसऱ्या वेळेलाही हाच दिला होता?"

"मग काय करनार?" ते पुटपुटले. "तुमच्या पैशात बसनारा माझ्याकडं एकच खडा हाय. ह्याच्या वरचा तुमाला परवडत न्हाई, अन् ह्याच्या खालचा हिरा नसतोच, ती काच असती. मावशीला तसं सांगितलं तर चारचौघांत त्यांचा शब्द जातोय. म्हनून कागद बदलला. तुमी काळजी करू नगा. तिसऱ्या येळंला लाभतोच."

"कशावरून?"

"माझी हयात गेली ताई ह्यात. माणसं थकत्यात."

मला आधी हसू आलं आणि मग अंगाचा जाळ झाला. ओरडून सांगावं असं वाटलं, या इकडं सगळे, बघा, ज्यानं बोअर आटवली, ज्यानं गाय मारली, आणि जो आता मुहूर्ताचा म्हणून परत घरी न्यायला निघालात, तो एकच खडा आहे! तोंड उघडलंसुद्धा. आणि तेवढ्यात पुढचा हिशेब डोक्यात आला. खडा तोच म्हटल्यावर खडा सुटेल. मग बोअरीचं आणि गायीचं खापर फुटायला राहिलं कोण? मी. खरं बोलले तर दगड निर्दोष ठरत होता आणि मी अडकत होते. मी तोंड मिटलं. सासूबाईंनी येऊन विचारलं, "कसा हाय?" मी म्हणाले, "चांगला आहे."

त्या आठ दिवसांची मला आजही लाज वाटते. मी, विज्ञान शिकलेली, दुधातलं पाणी पकडणारी, त्या आठ दिवसांत रोज डेअरीच्या फोनवरून त्याला विचारायची, घरी सगळं बरं आहे ना? म्हातारी आजी आजारी तर नाही ना? शेळी बरी आहे ना? त्यांची शेळी सुखरूप राहावी म्हणून मी देवाला हात जोडले. ज्या मूर्खपणाला शिव्या देत होते, त्याच्याच दारात मी पास होण्यासाठी उभी होते. राग सगळ्यात जास्त आला तो याचा.

सातव्या दिवशी त्याचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "टँकर सुरू झाला गावाला. आमच्या दारासमोरच थांबतो. आई म्हणते, हिरा लाभला."

माझा जीव भांड्यात पडला. मग मी विचारलं, "आणि वहिनी? त्या बसल्या होत्या ना तहसीलसमोर?"

"हां, तिला ऊन लागलं. चौथ्या दिवशी चक्कर येऊन पडली. अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात सलाईन लावलं दोन दिवस. आता बरी आहे."

मी रोज विचारत होते, घरी सगळं बरं ना, आणि तिचं पडणं कुणी त्यात धरलंच नव्हतं. म्हणजे चार दिवस उन्हात हंडा पुढ्यात घेऊन बसली ती, आणि पाणी आणलं देव्हाऱ्यातल्या राळ्याच्या दाण्यानं! मी फोन ठेवला आणि त्या संध्याकाळी रांगेतल्या प्रत्येक माणसावर ओरडले. काहींच्या दुधात खरंच पाणी होतं, पण सगळ्यांच्या नव्हतं.

साखरपुडा आमच्या दारात मांडव घालून झाला. पाणी वडिलांनी टँकरवाल्याच्या हातापाया पडून आणलेलं, त्यामुळं पाहुण्यांना हात धुवायला तांब्यानं मोजून मिळत होतं. सासूबाई पुढं बसल्या होत्या आणि अंगठीची उघडी डबी बायकांतून फिरत होती. प्रत्येकीला त्या सांगत होत्या, "दोन खडे न्हाई लाभले बघा. पैल्यानं पानी न्हेलं, दुसऱ्यानं गाय न्हेली. ह्यो तिसरा घरात आला अन् दारात टँकर आला." बायका खड्याला हात लावून कपाळाला लावत होत्या. ज्या खड्यासाठी सराफांनी खालचा खण उघडला होता, त्याची अशी शान.

मग ओटी भरायची वेळ आली. पाच सवाष्णी लागतात. चौघी उठल्या. पाचवी म्हणून कुणाला बोलवायचं यावर कुजबुज झाली. मांडवाच्या खांबाला टेकून माझी जाऊ उभी होती, हिरवी साडी, कपाळभर कुंकू, हाताच्या पाठीवर सलाईनच्या सुईचा काळानिळा डाग. तिच्याइतकी जवळची सवाष्ण त्या मांडवात दुसरी नव्हती. तिला ओलांडून नजर गेली आणि आमच्या शेजारणीला हाक मारली गेली. शेजारीण ओशाळून उठायला लागली. जाऊनं खाली बघितलं, तिला सवयच होती.

मी पाटावर होते. नवऱ्या मुलीनं पाटावर मान वर करायची नसते. मी म्हणाले, "पाचव्या त्या आहेत."

कुणाला ऐकू आलं नाही असं सगळ्यांनी दाखवलं. मग मी सासूबाईंकडं बघून मोठ्यानं बोलले. "आत्याबाई, टँकर हिऱ्यानं नाही आणला. त्यांनी आणला. चार दिवस उन्हात बसून. आणि दुसरं म्हणजे, तिन्ही वेळा तुमच्या देव्हाऱ्यात एकच खडा होता. मी भिंगातून बघितलाय. डाग तोच, जागा तीच. सराफांनी नुसता कागद बदलला. विचारा त्यांना जाऊन. एकच खडा पाणी नेतो आणि एकच खडा पाणी आणतो, असं कसं व्हईल?"

शेवटी घरची भाषा आलीच तोंडात. वडील हात जोडून उभे राहिले, कुणाला जोडले ते त्यांनाही माहीत नसावं. मामा म्हणाले, "आजून उंबरा ओलांडला न्हाई अन् तोंड बघा." सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मंजी सराफानं फसिवलं आमाला?" आणि मग माझ्याकडं टक लावून बघायला लागल्या. खड्यावरून सुटलेला दोष आता कुणाकडं निघालाय हे त्या नजरेत मला स्वच्छ दिसत होतं. हे व्हायचंच होतं, मला ठाऊक होतं. स्थळ मोडलं, असं मी मनात म्हटलं.

तेव्हा तो बोलला. समोरच्या पाटावरून, खाली बघत. "बरोबर हाय तिचं. टँकरचा अर्ज मीच लिहून दिलता वहिनीला. तिनंच मागं लागून नेलता तो."

म्हणजे याला सगळं माहीत होतं! अर्ज लिहायला हात होता, आणि आई देव्हाऱ्यापुढं हिऱ्याची आरती ओवाळत होती तेव्हा तोंड शिवलेलं होतं. मला त्याचा इतका राग आला, आणि त्याच वेळी वाटलं की आता हाच बरा. बोलला तरी. उशिरा बोलला, पण त्या मांडवात दुसरं कोण बोललं होतं?

सासूबाईंनी मांडवावरून नजर फिरवली. पुण्याची बहीण समोर बसली होती, मांडव भरलेला होता, आणि कार्य मोडलं तर ती हसणार होती. माझ्यावरच्या प्रेमानं नव्हे, त्या बहिणीच्या धाकानं त्या म्हणाल्या, "भर गं थोरले तू. उरका." जाऊ पुढं आली. तांदूळ तिच्या ओंजळीतून माझ्या पदरात कमी आणि जमिनीवर जास्त पडले.

मला वाटलं होतं ती खूश होईल. पंगत उठल्यावर मागच्या दारी भांड्यांपाशी तिनं मला धरलं आणि माझ्यावरच चिडली.

"कावून बोललात तुमी? खड्याच्या नावावर चाललं हुतं की सगळं. जाऊ द्यायचं त्याच्यावर. तुमी सुटला असता."

"आणि तुम्ही?"

"माझं काय. मी आले तवा मधी खडाच न्हवता," ती म्हणाली आणि परात घासायला बसली.

लग्न झालं. अंगठी माझ्या बोटात आहे, आणि सराफांनी सांगितलं होतं तसंच, हिरा आहे म्हणून सांगावं लागतं. सासूबाई काही एका दिवसात बदलल्या नाहीत. माणसं तशी बदलत नाहीत, आणि बदलली असं सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. पुढच्याच उन्हाळ्यात वीज येता-जाता बोअरची मोटार जळाली. धूर बघून सासूबाई अंगणात आल्या, कपाळावर हात मारला आणि शेजारपाजारला ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "ह्या दोघीच अवदसा हायेत माझ्या घरच्या. दोघी बी पांढऱ्या पायाच्या."

मी उसळून उत्तर द्यायला निघाले होते. जाऊनं चुलीपासून उठून माझा हात धरला. बघते तर ती हसत होती, पदर तोंडात धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आठ वर्षं ते बोलणं तिनं एकटीनं ऐकलं होतं.